देवरुखचं भाडं

"बंडोपंत, आज काय भाव?"

मिराबाई सिस्टर दारातूनच असं विचारायच्या, जणू मी सराफ आणि त्या पाटल्या करायला आलेल्या. दर गुरुवारी, अकराच्या सुमाराला. गुरुवारी आमच्या वारंगा फाट्यावर बाजार भरायचा. डोंगरकड्याहून जीपमध्ये चेंगरून त्या यायच्या; आधी माझ्या कचेरीत, मग बाजारात.

"तोच. नऊ हजार."

"मागच्या गुरुवारीबी नऊच होता."

"मागच्या गुरुवारपासून देवरुख काही जवळ सरकलं न्हाई, बाई."

मग त्या हसायच्या, बाकावर टेकायच्या आणि मी समोरच्या हॉटेलवाल्याला दोन बोटं दाखवायचो. १९९९ सालच्या पावसाळ्यापासून हे असं चाललं होतं.

मी फाट्यावरच्या एका ट्रान्सपोर्टचा बुकिंग क्लार्क. मालक संपतराव. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं हाकली, यांनी चार ट्रक हाकले. दोन्ही धंद्यांत फरक एवढाच, असं ते म्हणायचे, की मेंढरू डिझेल पीत न्हाई. मला त्यांनी ठेवलं होतं ते भाडं सांगायला. डोंगरकड्याची केळी, वसमतची हळद आणि बदलीवाल्यांचं घरसामान, या तिन्हींचं भाडं मी नुसतं बघून सांगायचो. कचेरीच्या मागच्या खोलीत राहायचो. बायकोला जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मला कुणी बदलीचा कागद दिला असता तर माझं सगळं सामान एसटीच्या टपावर मावलं असतं.

लोकांना वाटतं, भाडं किलोमीटरवर ठरतं. तसं असतं तर संपतरावांनी भिंतीला एक नकाशा ठोकला असता आणि माझा पगार वाचवला असता. भाडं ठरतं ते ट्रक परत कसा येणार यावर. इथून नागपूरला केळी गेली की तिकडून काही ना काही भरून मिळतं, म्हणून नागपूर स्वस्त. देवरुख पडलं कोकणात. इथून तिकडे कोण काय पाठवणार, आणि तिकडून इकडे काय येणार? एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, संपलं. बाकीचे दहा महिने ट्रक रिकामा परत येणार, आणि त्या रिकाम्या ट्रकचं डिझेलही गिऱ्हाइकाच्याच बोकांडी बसणार. वर घाटाचे वेगळे, दोन्हीकडची हमाली वेगळी. शिवाय घरसामान म्हणजे पोकळ माल. वजन दोन टन आणि जागा अडवणार सहा टनांची. खुर्चीच्या चार पायांमध्ये जी हवा असते ना, तिचंसुद्धा भाडं पडतं. हे ऐकून गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं की जणू त्या हवेचे पैसे मीच खिशात घालतोय.

सिस्टरांनी मात्र हे पहिल्यांदाच नीट ऐकून घेतलं. जूनमध्ये त्या चौकशीला आल्या होत्या. एकतीस जुलैला त्या डोंगरकड्याच्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त होणार होत्या.

"म्हंजी मी परत येणार न्हाई, पण परत येण्याचे पैसे मीच द्यायचे," त्या म्हणाल्या.

"बराबर."

"आणि कुणी तिकडून इकडं येणार असंल तर?"

"तर तुमचं नशीब. तो माणूस ट्रकचे जाण्यायेण्याचे पैसे देतो, तुम्ही जाताना त्याच ट्रकात बसता. मग भाडं कसलं, हमाली आणि वरचे चार पैसे."

"मग आसा माणूस आला की सांगा मला," त्या म्हणाल्या. आमच्यात ठरलं ते एवढंच, आणि बाकी सगळं याच वाक्यावर घडलं, म्हणून ते मी जसंच्या तसं सांगतो आहे.

अंदाज घ्यायला मी डोंगरकड्याला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. शितावरून भाताची परीक्षा करणारा मी माणूस. दोन खोल्यांचं बिऱ्हाड म्हटल्यावर दारात उभं राहूनच आकडा सांगणार होतो. लोखंडी पलंग, कपाट, शिलाई मशीन, एक टेबल. आणि भिंतीला लागून सात पोती.

"यात काय?"

"भांडी."

"एकट्या माणसाला सात पोती भांडी?"

त्यांनी एक पोतं सोडलं. आत तांबे. पितळी, स्टीलचे, नवे, पोचे आलेले. प्रत्येकावर नाव घातलेलं. चि. हनुमान. चि. प्रभू. खाली तारीख. सिस्टर कुणाचं बाळंतपण करायला गेल्या की त्या घरचे लोक बारशाला त्यांना बोलवायचे आणि लेकराच्या नावाचं एक भांडं द्यायचे. ही तिथली रीत त्यांच्याच वेळेला पडली आणि एकतीस वर्षं चालली.

"पोरगं झालं की तांब्या," त्या म्हणाल्या, "आन पोरगी झाली की वाटी. वाट्यांची पोती वेगळी हाईत, बघा. तीन. वाट्या बारीक असतात म्हणून तीनच दिसतात, मोजल्या तर पोरी काही कमी न्हाईत."

"यातली थोडी मोडीत काढली तर..."

"पलंग काढा. कपाट काढा. भांडी मोडीत न्हाई जायची."

"मग तुम्ही एसटीनं पुढं जा. सामान मी मागून पाठवतो."

"आन वाटंत पोतं फुटलं म्हंजी? मी पोत्यांसंगं बसून जाणार. ड्रायव्हरच्या शेजारी बसंन, मला लाज न्हाई."

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. १९६८ साली कोकणातली सत्तावीस वर्षांची मुलगी या भागात नोकरीला आली ती इथलीच होऊन गेली. बोलणंसुद्धा आमच्यासारखं झालं होतं. देवरुखला त्यांची मोठी बहीण होती, गंगूताई. ती विधवा, तीही एकटी, सहासष्ट वर्षांची. नवऱ्याच्या मागे दोन खोल्यांत राहायची. दोघींचं वर्षानुवर्षं ठरलेलं होतं की मिरा निवृत्त झाली की दोघींनी एकत्र राहायचं. ताईंचं कार्ड आलं होतं, त्यांनी मला वाचून दाखवलं. एक खोली रिकामी करून चुना लावून घेतला होता. भांड्यांसाठी मांडणी करायला सुताराला सांगितलं होतं. तुझी पोरं ठेवायला जागा नको का, असं लिहिलं होतं.

आता सिस्टरांचं चुकलं ते इथे. ट्रक ठरायच्या आधी त्यांनी निरोप घेतला.

एकतीस जुलैला डोंगरकड्याने त्यांना असा निरोप दिला की पाहणाऱ्याने म्हणावं, मुलगी सासरी निघाली. साडी-चोळी झाली, नारळ झाला, सरपंचांच्या सत्यभामाबाईंनी ओटी भरली, रडारड झाली, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी नव्या नर्सला क्वार्टर द्यायचं म्हणून सात पोत्यांसकट सिस्टर नानीबाईंच्या एका खोलीत भाड्याने गेल्या. आठ दिवसांची गोष्ट, असं म्हणून. मग पाऊस लागला आणि घाटात दरडी पडल्या. पाऊस ओसरला तर निवडणुका आल्या आणि सरकारने गाड्या धरून नेल्या. मे महिन्यात हिंगोली जिल्हा नवा झाला होता, त्यामुळे त्यांच्या पेन्शनचे कागद परभणी आणि हिंगोलीच्या मधे कुठे तरी फिरत होते. तेव्हा नऊ हजार टाकून अख्खा ट्रक करा असं त्यांना सांगायला माझीही जीभ रेटत नव्हती. थांबा, मी म्हणायचो. आणि त्या थांबायच्या.

पण निरोप दिलेला माणूस गावात दिसला की गावाला अवघड होतं. ओटी भरली, डोळे पुसले, आणि महिन्याने तीच बाई पिठाच्या गिरणीवर रांगेत उभी.

"अगं बया! नर्सबाई, तुमी अजून हाईतच व्हय?" सत्यभामाबाईंनी विचारलं म्हणे. वाईट मनाने नाही. पण सिस्टरांनी गिरणीला जायची वेळ बदलली. दसऱ्याला कुणी सोनं द्यायला आलं नाही, कारण त्या असतील असं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. बारशाला आता नव्या नर्सला बोलावणं जायचं. बांधलेलं सोडायचं कसं म्हणून त्यांनी एकही पोतं उघडलं नव्हतं. एका पातेल्यात भात, त्याच पातेल्यात वरण, तेच धुऊन त्यात चहा.

"सात पोती भांडी आन चहा पातेल्यातून पिते," त्या सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. "काहून हसून राहिल्या, असं नानीबाई विचारतात. काय सांगू?"

हे त्या मला सांगायच्या. दुसऱ्या कुणाला सांगणार? गावात तोंड दाखवायची चोरी, आणि माझ्या कचेरीत त्यांना कुणी ओळखत नव्हतं. तासभर बसायच्या. मी बिलट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहिता लिहिता ऐकायचो. कुठल्या वस्तीवर कंदील धरून गेले, कुठलं लेकरू पायाळू निघालं, कोणत्या सासूने पोरगी झाली म्हणून चहासुद्धा विचारला नाही आणि वर्षाने वाटी घेऊन कशी आली. माझंही काही काही निघायचं. माझी बायको पोहे करताना गुणगुणायची, हे अकरा वर्षांत मी कुणाला सांगितलं नव्हतं, सिस्टरांना सांगितलं. काय गुणगुणायच्या, असं त्यांनी विचारलं, आणि मला आठवेना. मग पुढच्या गुरुवारी आठवून ठेवलं.

बुधवारी संध्याकाळी मी न्हाव्याकडे दाढी करायला जाऊ लागलो. संपतराव एकदा म्हणाले, "पंत, बाजाराच्या दिवशी लई चकाचक दिसून राहिले." मी म्हटलं, गिऱ्हाइकासमोर नीट दिसावं लागतं. मेंढरं राखणाऱ्याच्या पोटचा माणूस, त्याला कळप न मोजता कळतं.

दिवाळी आली. सिस्टरांनी नानीबाईंची कढई मागून घेऊन चकल्या केल्या आणि एक डबा मला आणून दिला. पाडव्याला, भाऊबीजेला मी मागच्या खोलीत बसून त्या खाल्ल्या. रस्त्यावर एसट्या माहेरवाशिणींनी भरून येत-जात होत्या. त्या चार दिवसांत मी गुरुवारची वाट बघितली, हे कबूल करायला आता लाज वाटण्याचं वय राहिलेलं नाही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, मंगळवारी, सोळा नोव्हेंबरला, हिंगोलीहून एक कारकून आला. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांमध्ये सगळीकडून साहेब बदलून येत होते. यांचे साहेब रत्नागिरीहून आले होते. कुटुंब आणि सामान तिकडेच होतं. इथून ट्रक पाठवायचा, सामान भरून आणायचं. जाण्याचं, येण्याचं, दोन्ही भाडं साहेब देणार. सोमवारी, बावीस तारखेला सकाळी ट्रक निघावा.

मी बिलटी लिहिली. लिहितानाच मनात हिशेब झाला. तो माझ्या हाताबाहेरचा आहे, आपोआप होतो. ट्रक जाताना रिकामा. देवरुख वाटेवरच म्हणायचं, थोडी वाकडी वाट. दोन्हीकडची हमाली, ड्रायव्हरला चार पैसे, फार तर बाराशे. चोवीस तारखेला, बुधवारी, सात पोती गंगूताईंच्या दारात.

गुरुवारी अकरा वाजता सिस्टर आल्या.

"बंडोपंत, आज काय भाव?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बाजाराची पिशवी बाकावर ठेवली होती आणि चपला काढून पाय वर घेऊन बसायच्या बेतात होत्या. घरच्या ओट्यावर बसावं तशा. माझ्या मनात आलं, सोमवारी या गेल्या की पुढचा गुरुवार कसा असेल. टेबल, फोन, बाक. मला वाटलं, अजून एक साहेब येईल. नवा जिल्हा आहे, कोकणातून आणखी कुणी येईलच. एप्रिलमध्ये आंब्याचा ट्रक तर नक्की आहे. तोवर राहिल्या तर काय बिघडलं? एकतीस वर्षं राहिल्या, आणखी चार महिने.

"तोच," मी म्हणालो. "नऊ हजार."

"मेलं देवरुख जागचं हालंना," त्या म्हणाल्या, आणि मी दोन चहा सांगितले.

त्या दिवशी त्यांनी ताईंचं नवं कार्ड वाचून दाखवलं. मांडणी झाली होती. सुताराने तीन फळ्या लावल्या होत्या, चौथीला जागा ठेवली होती. मी ऐकलं. चांगली झाली असंही म्हणालो.

सोमवारी ट्रक घेऊन धर्मसिंग गेला. आमचा जुना ड्रायव्हर, नांदेडचाच. आठवड्याने परत आल्यावर डिझेलच्या पावत्या टेबलावर ठेवत म्हणाला, "पंतजी, जाते वक्त पूरी गाडी खाली गयी. वो नर्स बहनजी का सामान उधर ही जाना था ना?"

"त्यांचं अजून नक्की न्हाई," मी म्हणालो.

धर्मसिंगने माझ्याकडे बघितलं आणि पावत्या मोजायला लागला. तोवर मी स्वतःला सांगत होतो की मी खोटं बोललेलो नाही; भाव विचारला, भाव सांगितला. त्याला उत्तर दिल्यावर तीही सोय राहिली नाही. तरी पुढचे दोन गुरुवार सिस्टर आल्या, बसल्या, बोलल्या, आणि ते दोन्ही गुरुवार चांगले गेले. हेही खरं आहे.

सोळा डिसेंबरच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. बारा वाजले, एक वाजला. हॉटेलवाल्याने लांबूनच हात हलवून विचारलं, मी नको म्हटलं. दुपारी डोंगरकड्याचा एक जीपवाला म्हणाला, "नर्सबाईला तार आली. बहीण वारली म्हनं. सकाळच्याच गाडीनं नांदेडला गेल्या, तिथून म्होरं."

तीन आठवडे मी कुणालाही धड भाडं सांगितलं नाही. यवतमाळचं लातूरला लावलं आणि संपतरावांनी पहिल्यांदाच मला आवाज चढवून विचारलं, "पंत, तब्येत बराबर हाय ना?"

नव्या वर्षाच्या पहिल्या गुरुवारी, सहा जानेवारीला, अकरा वाजता सिस्टर दारात उभ्या होत्या. वाळल्या होत्या. भाव विचारला नाही. बाकावर बसल्या, चपला पायातच होत्या.

"कसं झालं?" मी एवढंच विचारलं.

"ताप," त्या म्हणाल्या. "आठ दिवस अंगावर काढला. शेजारणीनं कुठल्या तरी गोळ्या दिल्या. शेवटच्या दिशी दवाखान्यात नेलं, पंधरा तारखेला गेली. मी पोचले तर सगळं उरकलं होतं." मग म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या घरी ताप बघत एकतीस वर्षं फिरले, बंडोपंत."

चहा आला. त्यांनी कप हातात धरून ठेवला.

"घर?"

"घर दाजींच्या पुतण्याचं. त्यानं तेराव्याच्या दिशीच कुलूप काढून दुसरं लावलं. बोलायला गोड, पण मावशी कधी निघता, असं दोनदा विचारलं. मांडणी बघितली मी. चांगली केली होती." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एक बरं झालं. सामान गेलं न्हाई. गेलं असतं तर पोती घेऊन मी रस्त्यावर बसले असते. तुमी थांबा, थांबा म्हणत व्हते, ते माझ्या भल्याचंच झालं. तिकडं रात-दिवस हेच डोक्यात येत व्हतं की आता आपलं माणूस म्हणावं असं एकच राहिलं, वारंग्याला."

मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. जन्मभर तोंडात मूग धरून बसणारा मी माणूस. आणखी एक मूग जड झाला नसता. त्यांना काही कळलं नसतं. धर्मसिंग सांगणार नव्हता. त्या येत राहिल्या असत्या, पाय वर घेऊन बसल्या असत्या, आणि मला जे हवं होतं ते सगळं मिळालं असतं. पण त्यांनी आपलं माणूस म्हटलं आणि माझ्याने ते घेववेना.

"बाई," मी म्हणालो, "एक ट्रक गेला होता."

"कुठं?"

"रत्नागिरीला. रिकामा. एका साहेबाचं सामान आणायला."

त्यांना आधी कळलं नाही. "कधी?"

"बावीस नोव्हेंबरला."

"तुमाला कधी समजलं?"

"मंगळवारी. सोळा तारखेला."

त्या आठवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं. "अठराला गुरुवार व्हता. मी आले व्हते."

"हो."

"मी कार्ड वाचून दाखवलं तुमाला. मांडणीचं."

"हो."

"किती पडलं असतं?"

"बाराशे. एखादे वेळी हजारात भागलं असतं."

त्यांनी कप बाकावर ठेवला आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या. बाळंतिणीचे दिवस मोजावेत तसं, अंगठा एकेका पेरावर टेकवत, ओठ हलवत. मी माझ्या आयुष्यात हजारो हिशेब केले असतील, पण समोरच्याचा हिशेब संपायची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"चोवीसला पोचले असते," त्या म्हणाल्या. "पंधराला गेली. एकवीस दिवस. ताप तर सात तारखेला आला."

बाहेर बाजाराचा गलका चालला होता.

"काहून, बंडोपंत?" त्यांनी विचारलं. रागावून विचारलं असतं तर मी काही तरी सांगितलं असतं, नवा जिल्हा, आंब्याचा ट्रक, विसरलो. त्यांनी साधं विचारलं.

"तुम्ही गेला असता तर मला गुरुवार राहिला नसता," मी म्हणालो. "दुसरं काही कारण न्हाई. मी एकटा होतो."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं रडताहेत, पण रडत नव्हत्या. मग पिशवी उचलली आणि उभ्या राहिल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"हे तुमी मला सांगायला नको व्हतं," त्या म्हणाल्या. "ताई गेली. गावानं तर कवाच निरोप दिला. आता गुरुवारी मी कुठं जाऊ?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली, खरंच बघितली, आणि मग पायरी उतरून रस्ता ओलांडला. पलीकडे जीपवाले डोंगरकडा, अर्धापूर म्हणून ओरडत होते. पहिली जीप भरून गेली, दुसरी गेली, त्या उभ्याच होत्या, माझ्या कचेरीकडे पाठ करून. बाजार न करताच तिसऱ्या जीपमध्ये बसल्या.

त्या कोकणात गेल्या नाहीत. नानीबाईंच्याच खोलीत राहिल्या. एकदा नानीबाई बाजाराला आल्या तेव्हा मी विचारलं, सिस्टर कशा आहेत. बऱ्या हाईत, त्या म्हणाल्या, आता बाजाराला अर्धापूरला जातात, तिकडं भाजी चांगली मिळते म्हणतात.

मी २००६ सालापर्यंत त्या कचेरीत होतो. डोंगरकडा तिथून जीपने वीस मिनिटं. मी गेलो नाही. गुरुवारी सकाळी मात्र कुणी भाडं विचारायला आलं की मी त्याला उभ्या उभ्याच आकडा सांगायचो, बाकावर बसू द्यायचो नाही.